अनुमोदक : कॅप्टन

एकोणीस वर्षं मी बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आधी लिहिलं.

फुटबॉल महासंघाच्या कार्यालयात मी टंकलेखिका म्हणून लागले तेव्हा टेबलावर खडखडणारं मशीन होतं. पुढे कॉम्प्युटर आला, खुर्ची बदलली, भिंतींना दोनदा रंग लागला, पण पद्धत तीच राहिली. सोमवारी बैठक असली की शुक्रवारी दुपारी सचिव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि सोमवारी काय काय ठरणार आहे ते सांगायचे. मी ते 'ठरले' असं लिहायचे. पहिल्या वर्षी मी धीर करून विचारलं होतं, "पण साहेब, बैठक अजून झालीच नाही." तर म्हणाले, "बाई, बैठकीत माणसं काहीही बोलतात. कागदावर नीट यायला नको का?" नवी नोकरी होती, मला ते लगेच पटलं.

हे कागद जायचे वरच्यांकडे. वरचे म्हणजे देव नव्हेत. जगभरच्या फुटबॉलचा कारभार पाहणारी जी मोठी संस्था आहे, तिला आमच्या कार्यालयात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे 'वरचे' म्हणत. आमच्यासारख्या दोनशे महासंघांनी आपापल्या कार्यकारिणीचं इतिवृत्त त्यांना ठरलेल्या मुदतीत पाठवायचं, सोबत हजर सभासदांच्या सह्या. मुदत चुकली की कडक पत्र यायचं. आत काय लिहिलंय याबद्दल मात्र एकोणीस वर्षांत एकही पत्र आलं नाही.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. नुसते ठराव लिहिले तर कागद मेल्यासारखा दिसतो, म्हणून मी प्रत्येकाला थोडं थोडं बोलायला लावायचे. उपाध्यक्ष बैठकीत हमखास झोपायचे, त्यांच्या तोंडी मी नेहमी सगळ्यात शहाणे विचार घालायचे. अध्यक्षांना लांब वाक्यं आवडत, त्यांना लांब द्यायचे. एकदा ते इतिवृत्त वाचून मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी छान बोललो होतो नाही?" त्या दिवशी ते बैठकीला आलेच नव्हते, जावयाच्या नव्या बंगल्याला पडदे निवडायला गेले होते. मी म्हटलं, "हो साहेब, फार छान." घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. ते बस डेपोत वेळनोंद ठेवायचे. म्हणाले, "आमच्याकडे गाडी यायच्या आधी आली असं लिहिलं तर घरी बसवतात."

बैठकीत मी वही घेऊन बसायचे आणि जे खरंच बोललं जाई ते लघुलिपीत टिपायचे. त्याची कोणाला गरज नव्हती. पण बाई बसलीय आणि तिची पेन्सिल हलतेय असं दिसायला हवं होतं, आणि हात चालला नाही तर मला झोप यायची. वही भरली की कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकायची. ती लिपी कार्यालयात दुसऱ्या कोणाला येत नव्हती, त्यामुळे कुलूपही लावायचं कारण नव्हतं.

कॅप्टनचं समाधान त्या पेन्सिलीवर व्हायचं.

ते देशाच्या संघाचे गोलकीपर होते, सहा वर्षं कप्तान होते, आणि खेळ सोडून तीस वर्षं झाली तरी सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. कार्यकारिणीत ते खेळाडूंचे प्रतिनिधी होते. माझे वडील स्टेडियमवर चुन्याच्या रेघा मारायचे. ते अचानक गेले तेव्हा कॅप्टन माझ्या माहेरच्या दोन खोल्यांत आले, आईसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरीला टायपिंग येतं ना? मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. मी पन्नाशीला आले तरी त्यांनी मला पोरी म्हणायचं सोडलं नाही. दूरच्या गावाहून तीन तास बसने यायचे, सगळ्यात आधी येऊन खुर्चीत ताठ बसायचे. त्यांची मुलगी त्या गावात मुलींना फुटबॉल शिकवते. तिने आपल्या क्लबला वडिलांचंच नाव दिलं होतं.

जवळजवळ प्रत्येक बैठकीत कॅप्टन उभे राहायचे. "हे मला मान्य नाही. माझा विरोध नोंदवा." आणि माझ्याकडे बघायचे. माझी पेन्सिल हलली की बसायचे. खरोखरच मी तो विरोध नोंदवत होते. पण तो वहीत. पुढे जाणाऱ्या कागदावर शुक्रवारीच 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते' असं टाइप झालेलं असायचं. ते त्यांनी कधी मागून वाचलं नाही. पोरीने लिहून घेतलंय म्हटल्यावर त्यांना पुरे होतं. मला त्याची लाज वाटायची का? वाटायची. बैठक संपून चहा येईपर्यंत वाटायची.

राहता राहिल्या सह्या. वर्षाला सहा बैठका, म्हणून जानेवारीतच प्रत्येक सभासदाकडून हजेरीच्या सहा कोऱ्या पत्रकांवर सह्या घ्यायच्या, ही सचिवांनी पुढे काढलेली युक्ती. बाकीच्यांनी चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने सह्या ठोकल्या. कॅप्टन तसे करणार नाहीत हे सचिवांना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, "म्हातारा तुमचं ऐकतो. तुम्ही घ्या." मी सहा कागद एकावर एक, थोडे सरकवून ठेवले, म्हणजे फक्त सहीची जागा दिसेल. वरच्यावर आजची तारीख टाकली. म्हटलं, "कॅप्टन, आजच्याच बैठकीच्या सहा प्रती आहेत. वरच्यांनी मागितल्यात." त्यांनी चष्मा शोधायला खिशात हात घातला. मी म्हटलं, "अहो चष्मा कशाला, नुसत्या प्रती तर आहेत." त्यांनी हात बाहेर काढला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं एका सामन्यात मोडून वाकडी जुळली होती, त्यामुळे सही करायला त्यांना वेळ लागायचा. सहा वेळा त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, शेवटच्या रेघेसकट. "बस, पोरी?" म्हणाले. मी म्हटलं, "बस."

हे मी नऊ जानेवारींना केलं.

सह्यांच्या त्या नवव्या वर्षी विश्वचषक कोणत्या देशाला द्यायचा याचं मतदान आलं. प्रत्येक महासंघाला एक मत. कोणाला द्यायचं याचा कार्यकारिणीचा ठराव आधी वरच्यांकडे गेलेला असला पाहिजे असा नियम होता. अध्यक्षांचं ठरलेलं होतं. ज्या देशाला मत द्यायचं होतं तो आमच्याकडे बारा मैदानं बांधून देणार होता, आणि बांधायचं काम मिळणार होतं अध्यक्षांच्या जावयाच्या कंपनीला. त्या कंपनीने तोवर पडद्यांचे दांडे बसवण्यापलीकडे काही बांधलं नव्हतं. आदल्या बैठकीत कॅप्टन तावातावाने बोलले होते. "मत विकायला काढलंय का आपण? बारा मैदानं म्हणे! एक दाखवा मला, एक!" अध्यक्ष हसत राहिले. पण ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

शुक्रवारी सचिव कागद घेऊन आले. "सूचक मी. अनुमोदक म्हणून कॅप्टनचं नाव घाला."

"ते उभे राहून विरोध करतील, साहेब."

"करू देत की. नेहमी करतात. त्यांच्या नावाला वजन आहे, वरच्यांना बरं दिसेल. आणि दोन वाक्यंही घाला त्यांची, तुम्हाला छान जमतात."

मी घातली. मागे एकदा त्यांच्या गावी गेले होते तेव्हा, शाळेमागच्या ओबडधोबड पटांगणावर मुलींचा खेळ बघताना ते मला म्हणाले होते, "मैदान असलं की पोरं बोलवावी लागत नाहीत, आपोआप येतात." मला ते वाक्य आवडलं होतं. मी टाइप केलं : 'मैदान असले की मुले बोलवावी लागत नाहीत, आपोआप येतात, असे सांगून कॅप्टन यांनी ठरावास मनःपूर्वक अनुमोदन दिले.' वाचून पाहिलं. अगदी त्यांच्यासारखं वाटत होतं, आणि मी स्वतःवर खूश झाले.

वरच्यांची मुदत सोमवारी अकराची होती. साडेदहाला मी सह्यांसकट इतिवृत्त पाठवून दिलं. अकराला सभासद जमले. कॅप्टनची खुर्ची रिकामी होती, आणि ते कधीच उशिरा येत नसल्यामुळे मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. सव्वाअकराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांची मुलगी होती.

"मावशी, बाबा काल पहाटे गेले. झोपेतच. काल सगळं उरकलंसुद्धा. कोणाला कळवायचं सुचलंच नाही. आत्ता कॅलेंडरवर त्यांनी आजच्या तारखेला गोल केलेला दिसला, म्हणून फोन केला. त्यांची वाट बघत असाल ना तुम्ही?"

मी आत जाऊन सांगितलं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. उपाध्यक्ष जागे झाले आणि तेही उभे राहिले. मग चहा आला, प्रत्येकाने एकेक आठवण सांगितली, आणि अध्यक्ष म्हणाले की आज बैठक घेणं बरं दिसणार नाही. मी सचिवांना बाजूला घेतलं.

"साहेब, इतिवृत्त गेलंय."

"मग?"

"त्यात कॅप्टन बोललेत. अनुमोदन दिलंय त्यांनी. आणि ते तर कालच..."

सचिवांनी बिस्कीट चहात बुडवलं. "कोण वाचतंय, बाई."

दीड वर्ष कोणी वाचलं नाही. आमचं मत जिथे जायचं तिथे गेलं. बारांतलं एकही मैदान झालं नाही. मग कुठल्या तरी लांबच्या देशात एका बड्या पदाधिकाऱ्याला हॉटेलातून पोलिसांनी उचललं आणि तो पोपटासारखा बोलायला लागला. वरच्यांची पाचावर धारण बसली. आपण स्वच्छ आहोत हे दाखवायला त्यांनी सगळ्या महासंघांचे जुने कागद उपसायला काढले, आणि आमच्या कागदावर त्यांना एक मेलेला माणूस सापडला, आदल्या दिवशी वारलेला आणि सोमवारी भाषण करणारा.

हे वर्तमानपत्रात आलं. त्यातलं ते वाक्यसुद्धा आलं. त्याच दिवशी मुलीचा फोन आला.

"मावशी, ते वाक्य बाबांचं आहे. दुसरं कोणी तसं म्हणणारच नाही. म्हणजे ते खरंच बोलले होते का? मरायच्या आधी कधीतरी त्यांनी हो म्हटलं होतं का?"

"नाही गं. तू पेपरवर जाऊ नकोस."

"त्यांच्या नावाने नोटिसा येताहेत घरी. खुलासा करा म्हणून. मी कळवलं की ते गेले, तर पुन्हा त्यांच्याच नावाने आली. तुम्ही तिथे होतात. सांगाल ना तिथे?"

"वरच्यांच्या चौकशीला मला बोलावलंय. सांगते."

"सगळं?"

"सगळं," मी म्हटलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी सचिव घरी आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दारात उभे राहिले. सचिवांनी तयार जबाब आणला होता. बैठक सोमवारी नव्हे, त्याआधीच्या शुक्रवारी झाली. कॅप्टन हयात होते, हजर होते, त्यांनीच ठरावाचा आग्रह धरला. टंकलेखिकेच्या हातून तारीख चुकीची पडली. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"एका तारखेची चूक, बाई. यात तुमचं काही जात नाही. त्यांचंही काही जात नाही, ते तर गेलेच."

"मी यावर सही करणार नाही."

सचिव रागावले नाहीत. उलट मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे. खरं सांगा. आधी लिहायचो म्हणून सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा. मला चार शिव्या पडतील, तुमची नोकरी जाईल, संपलं. पण सह्यांचं विचारतील, तेव्हा विचार करून बोला. त्या म्हाताऱ्याला प्रती आहेत म्हणून कोणी सांगितलं? मी तिथे नव्हतो. फसवून सही घेणं हा गुन्हा असतो. त्याला पोलीस येतात. मी वकिलांना विचारून आलोय."

ते गेल्यावर हे म्हणाले, "कसल्या प्रती?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि हे त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं.

चौकशी एका हॉटेलच्या खोलीत होती. गुळगुळीत टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीला जाड पडदे. चौकशी अधिकारी माझ्याच वयाची बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती स्वतःच टाइप करत होती आणि हात चांगला होता तिचा. मी पिशवीतून वह्या काढल्या आणि बोलायला लागले. शुक्रवार सांगितले, घडी घातलेले कागद सांगितले, झोपलेल्या उपाध्यक्षांचे शहाणे विचार सांगितले. जावई सांगितला, पडद्याचे दांडे सांगितले. अध्यक्षांचं नाव घेताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. एकोणीस वर्षं मूग गिळून बसले होते, ते सगळं बाहेर पडत होतं आणि मला चक्क बरं वाटत होतं. त्या सोमवारचं पान मी वाचून दाखवलं : "सव्वाअकरा. कॅप्टन काल गेले. दोन मिनिटं उभे. चहा. बैठक नाही."

"ही लिपी आणखी कोणाला वाचता येते?"

"आता नाही. शिकवणाऱ्या बाईही वारल्या."

तिने ते टाइप केलं. मग हजेरीपत्रक माझ्याकडे सरकवलं. "ही सही कॅप्टनची आहे?"

"हो."

"त्यांनी स्वतः केलेली?"

"हो. जानेवारीत. सगळेच करायचे, वर्षभराच्या एकदम."

"कागद कोरे आहेत हे त्यांना माहीत होतं?"

मी टेबलाकडे बघत होते. थोडे सरकवून ठेवलेले सहा कागद मला दिसत होते. चष्म्यासाठी खिशात गेलेला आणि माझ्या बोलण्यावर बाहेर आलेला हातही दिसत होता. आणि सचिव आमच्या खुर्चीत बसून पोलीस म्हणत होते. एवढा वेळ मोकळी सुटलेली माझी जीभ तिथे येऊन अडली.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो. माहीत होतं त्यांना."

तिची बोटं चालली. टायपिंग नुसतं ऐकून वाक्य केवढं आहे ते मला कळतं. ते अगदी लहान वाक्य होतं. मी तिला थांबवू शकले असते. 'ते खोडा' एवढंच म्हणायचं होतं. तिने पुढचा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं.

बाहेर हे थांबले होते. "सगळं सांगितलंस?" मी हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी सुटले म्हणून रडतेय.

चार महिन्यांनी अहवाल आला. ऐंशी पानी होता. मी तो सवयीने आधी भाषेसाठी वाचला, आणि भाषा चांगली होती. अध्यक्ष कार्यालयाने तयार केलेल्या कागदांवर विसंबून राहिले, त्यांना समज देण्यात येत आहे. सचिव सहा महिने निलंबित. कोऱ्या पत्रकांवर सह्या करणाऱ्या सर्व सभासदांनी लेखी खेद व्यक्त केल्यामुळे त्यांच्यावरची कारवाई थांबवण्यात येत आहे. टंकलेखिकेने एकोणीस वर्षं खोटी इतिवृत्तं लिहिल्याची कबुली दिली असल्यामुळे तिच्या लघुलिपीतल्या वह्या पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.

मग कॅप्टन. त्यांनी पत्रकं कोरी असल्याचं माहीत असूनही सलग नऊ वर्षं सह्या केल्या, हे साक्षीवरून सिद्ध होत आहे. म्हणजे आपल्या नावावर काहीही लिहिण्यास त्यांची आगाऊ संमती होती. वारंवार नोटिसा पाठवूनही त्यांनी खुलासा केला नाही वा खेद व्यक्त केला नाही. सबब त्यांच्यावर फुटबॉलशी संबंधित सर्व कामांतून आजन्म बंदी घालण्यात येत आहे, आणि कोणत्याही नोंदणीकृत क्लबाला, मैदानाला वा स्पर्धेला त्यांचं नाव वापरता येणार नाही.

आजन्म! मेलेल्या माणसावर! मी हसले, मोठ्याने हसले, एकटीच होते स्वयंपाकघरात. मग 'साक्षीवरून' हा शब्द पुन्हा वाचला. साक्ष माझी होती.

पुढच्या रविवारी मी वह्यांची पिशवी घेऊन बसमध्ये बसले. तीन तास लागतात. कॅप्टन हे वर्षातून सहा वेळा करायचे, विरोध नोंदवायला. शाळेमागच्या पटांगणावर पंधरा-वीस मुली पळत होत्या. फाटकापाशी कॅप्टनची मुलगी शिडीवर चढून पाटीवर पांढरा रंग लावत होती. आडनाव पुसून झालं होतं, नावाची पहिली दोन अक्षरं राहिली होती.

"मावशी!" ती खाली उतरली. हातांना रंग होता म्हणून कोपरांनीच तिने मला धरलं. "नाव ठेवलं तर मुलींना स्पर्धेत घेणार नाहीत म्हणाले. करणार काय?"

तिने डबा बाजूला ठेवला आणि आम्ही पायरीवर बसलो. मी वह्या काढल्या आणि वाचायला लागले. तारीख, विषय, आणि पुढे : कॅप्टन, विरोध. पुढची तारीख. कॅप्टन, विरोध. कॅप्टन म्हणाले, खेळाडूंचे प्रवासभत्ते द्या आणि मग परदेशी जा. कॅप्टन म्हणाले, एक मैदान दाखवा मला, एक. ती ऐकत होती. मध्येच हसली, मध्येच डोळे मनगटाने पुसले, गालाला पांढरा रंग लागला.

"इतक्या वेळा उभे राहिले?"

"प्रत्येक वेळी."

"मग मला एकच कळत नाही, मावशी. वाण्याचं बिलसुद्धा ते चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचायचे. अशा माणसाने कोऱ्या कागदावर सही केलीच कशी? नऊ वर्षं? अहवाल आल्यापासून मी त्यांच्या फोटोशी बोलत नाहीये. एवढं राजरोस खोटं यांना चाललं कसं, असंच मनात येतं. माझाच त्यांच्यावरचा विश्वास उडालाय, लोकांचं काय घेऊन बसू?"

माझ्या मांडीवर वही उघडी होती. ती मिटून मी निघू शकले असते, परतीची बस तासाभरात होती. मला तिची भीती वाटत होती आणि पोलिसांचीही वाटत होती. पण ती त्यांच्या फोटोशी बोलत नाही हे मला सहन झालं नाही.

"त्यांना माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं, आजच्याच प्रती आहेत म्हणून. ते चष्मा काढत होते. मीच म्हटलं, चष्मा कशाला."

"पण तुम्ही चौकशीत..."

"तिथे मी खोटं बोलले. तेवढं एकच."

एका मुलीने लांबून "ताई, चेंडू!" म्हणून हाक मारली. चेंडू पायरीपाशी येऊन थांबला होता, तिने तो पायाने परत मारला. मग आत गेली आणि वहीचा एक कागद आणि पेन घेऊन आली.

"लिहून द्या."

मी सवयीने लघुलिपीत सुरुवात केली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "या रेघोट्या नकोत. सगळ्यांना वाचता येईल असं लिहा."

मी लिहिलं. कागद सरकवून कसे ठेवले, काय म्हटलं, त्यांनी खिशात हात कसा घातला, चौकशीत मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं. दीड पान झालं. एकोणीस वर्षांत जे घडलं ते घडल्यावर साध्या लिपीत लिहायची ही माझी पहिली वेळ होती, आणि अक्षर वाईट आलं. मी खाली सही करायला लागले.

"आधी वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने."

मी पिशवीतून चष्मा काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर सही केली. तिने कागद उन्हाकडे धरून सही पाहिली, घडी घालून खिशात ठेवला.

"हे मी उद्या वरच्यांना पाठवते. पोलिसांनाही देणार आहे."

"दे."

तिने शिडीला हात लावला. पाटीवर ती दोन अक्षरं अजून तशीच होती. ती वर चढली नाही, डब्याचं झाकण लावून टाकलं. मी वह्या पिशवीत भरत होते, त्यातली एक खाली पडली. ती तिने उचलून दिली नाही.

"तुमची बस येईल आता," ती म्हणाली. "निघा, बाई."